सर्दी-खोकल्याचं सिरप मेडिकलमधून परस्पर आणता का? लहान मुलांना देता का?

मृण्मयी_विदर्भ

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या सगळेच शिंकतायत. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन साधारण चौदा किलो, नाक गळतंय, रात्री आडवं पडलं की ढास लागते, ताप नाही, दिवसा खेळतो-जेवतो. सासूबाईंचं म्हणणं की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ते नेहमीचं सर्दीचं सिरप आण, झाकणभर दे, रात्री शांत झोपेल. मागच्या वर्षीची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात आहेच. पण मी नागपूरला राहते. मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आम्हाला लांब नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथली लेकरं भेसळीचं खोकल्याचं सिरप पिऊन किडनी बंद पडली म्हणून इथल्याच दवाखान्यांत आणत होते, ते रोज पेपरात वाचलंय. तेव्हापासून सिरपची बाटली हातात घेतली की हात थांबतो. सासूबाईंनाही दोष देत नाही, त्यांनी अशीच चार मुलं वाढवली. तुम्ही काय करता? आणि मोठ्यांसाठी काय आणता? नवऱ्याला ऑफिसला जावंच लागतं.

फाटकी_छत्री

सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. आमचे फॅमिली डॉक्टर हेच सांगून पाठवायचे आणि फीसुद्धा घ्यायचे :)

सांजवेळ

मृण्मयी, मी पण त्याच सिरपवर वाढलेय आणि माझ्या दोन्ही मुली पण. काही झालं नाही. एका कंपनीने घाण केली म्हणून सगळ्या औषधांना बदनाम करायचं हे मला पटत नाही. रात्रभर खोकणारं मूल आणि सकाळी सात वाजता लोकल पकडायची, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

केमिस्टकाका

मी सांगलीत बरीच वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. सांजवेळताई, तुमची तळमळ कळते, पण इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकात एक मिसळलेत. बाटलीत भेसळ आहे का हा एक प्रश्न. आणि भेसळ नसलेलं, अगदी चोख बनवलेलं सिरपसुद्धा साडेतीन वर्षांच्या मुलाला द्यायचं का, हा दुसरा.

पहिल्याबद्दल आधी. सिरपमधलं औषध पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल असलं काहीतरी घालतात. औषधाच्या दर्जाचं महाग असतं. त्याच्या जागी कारखान्यात वापरायचा स्वस्त माल आला किंवा कोणी मुद्दाम घातला की डायएथिलीन ग्लायकॉल आत शिरतं. ते ब्रेक ऑइलमध्ये, रंगांच्या धंद्यात वापरतात. दिसायला तसंच पातळ, चवीला गोड. मूल आनंदाने पितं. आधी उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होते, मग बंद. छिंदवाड्याचं ते सिरप, कोल्ड्रिफ, तामिळनाडूत कांचीपुरमला बनलं होतं, बॅच एसआर-१३. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यात हे द्रव ४८.६ टक्के निघालं. चालतं किती, तर ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष. वीसहून जास्त लेकरं गेली.

हे बघून, हुंगून, चव घेऊन घरी ओळखता येत नाही. माझ्यासारख्या दुकानदारालाही नाही. ते कच्चा माल घेताना प्रत्येक ड्रममधून नमुना काढून तपासलं तरच कळतं. राग तिथे धरा.

तळकोकणी

काका, मुंबईत पण झालं होतं ना हे? वडील सांगायचे.

केमिस्टकाका

हो. १९८६, जे. जे. हॉस्पिटल. तिथे पेशंटना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष होतं, १४ जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, त्या अहवालात एफडीएपासून (राज्याचं अन्न व औषध खातं) मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली होती. त्याच्याही आधी अमेरिकेत १९३७ साली सल्फा औषधाचं सिरप याच द्रवात बनवलं होतं, शंभरावर माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तानात पुन्हा तेच, दोन्हीकडे माल भारतातला. त्यानंतर २०२३ च्या जूनपासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारी प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची केली. परदेशी जाणाऱ्या बाटलीला जी तपासणी, तीच आपल्या गावातल्या बाटलीला तेव्हाच लावली असती तर? माझा जीव यातच अडकलाय, म्हणून इतकं लिहितोय.

डॉ_अबोली

मी बालरोगतज्ज्ञ आहे, काकांनी जो दुसरा प्रश्न म्हटला त्याचं मी सांगते.

मृण्मयी, त्या बाटलीचं लेबल बघा. ‘क्लोरफेनिरामिन मॅलिएट’ आणि ‘फेनिलेफ्रिन’ असं लिहिलेलं असणार बहुतेक, कधी जोडीला पॅरासिटामॉल. पहिलं गुंगी आणतं आणि नाक सुकवतं, दुसरं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून घालतात. ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये आदेश काढून सांगितलंय, लेबलवर तसा इशारा छापायला पण सांगितलाय. तुमचा मुलगा साडेतीनचा, म्हणजे प्रश्नच मिटला. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा पत्रक काढलं: दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नये, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावं.

का, तर फायदा जवळजवळ दिसत नाही आणि त्रास होऊ शकतो. मूल झोपतं ते गुंगीने, बरं झाल्याने झोपत नाही. काही मुलं तर उलट चिडचिडी होऊन रात्रभर जागतात. छातीचे ठोके वाढतात. आणि खोकला हा कफ बाहेर काढायचा शरीराचा मार्ग आहे, तो औषधाने दाबून ठेवून लहान मुलाचं काही भलं होत नाही.

सांजवेळ, तुमच्या मुलींना काही झालं नाही हे खरंच आहे. बहुतेकांना होत नाही. पण ज्याला होतं त्याच्या आईला मी समोर बसवून बोललेय.

पर्ण_न्यूजर्सी

इकडे अमेरिकेत पण कंपन्यांनी २००८ पासून स्वतःहून लेबलवर ‘चार वर्षांखाली देऊ नये’ छापायला सुरुवात केली. आणि ते फेनिलेफ्रिन, ते तर तोंडाने घेतल्यावर मोठ्यांनाही काम करत नाही असं इकडच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. पोटात-यकृतातच बरंचसं मोडून जातं, नाकापर्यंत पुरेसं पोचतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकायचा प्रस्तावही आला. तरी फार्मसीत रांगाच्या रांगा भरलेल्या असतात. जे खरंच नाक मोकळं करतं ते स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे ठेवतात, आयडी दाखवून सही करून घ्यावं लागतं, कारण त्यापासून लोक मेथ हा अमली पदार्थ बनवायचे.

आई-बाबा भारतातून येतात तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगते, ते रात्रीचं हिरवं नायक्विल. ३० मिलीच्या एका मापात ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल (इकडे त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात म्हणून ओळखू येत नाही), वर झोपेचं औषध, आणि साध्या हिरव्या बाटलीत १० टक्के अल्कोहोल. बाबा बॅगेतून आणलेली ६५० ची गोळी घेणार आणि वर हे पिणार, म्हणजे दुप्पट.

फाटकी_छत्री

१० टक्के? आमचा एक मामा अमेरिकेहून आला की सर्दी नसताना पण ते घ्यायचा, आज उलगडा झाला :D

खडकवासला_वारा

दुपटीचा मुद्दा मोठ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. सर्दीची जी गोळी येते तिच्यात बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं, अंग दुखतं म्हणून वेगळी ६५० ची, आणि रात्री सिरप, त्यातही परत तेच. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, दारू पिणाऱ्याला किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्याला त्याहून बरीच कमी. तीन वेगवेगळ्या नावांनी एकच औषध पोटात जातं हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. नाव वाचू नका, नावाखालचं बारीक अक्षर वाचा.

तळकोकणी

बारीक अक्षर म्हणजे किती बारीक! मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागतं. पण वाचतो.

भंडारा_पोर

इथे सगळे पुण्या-मुंबईचे दिसता. माझं गाव तालुक्यापासून आत, पावसाळ्यात एसटी येईल न येईल. डॉक्टरकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, जायचं-यायचं भाडं, फी, आणि शेवटी तोच सिरप लिहून देणार. मग माणूस सरळ मेडिकलवाल्याला म्हणते, भाऊ खोकल्याचं दे. तुम्ही सांगा, चुकलं काय? ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ लिहायला सोपं आहे.

डॉ_अबोली

भंडारा_पोर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ‘तोच सिरप लिहून देणार’ हे तर आमच्याच लोकांबद्दल आहे. छिंदवाड्यात बऱ्याच मुलांना ते डॉक्टरनेच लिहून दिलं होतं. म्हणूनच मला वाटतं की प्रत्येक सर्दीला दवाखाना गाठायची गरजच नाही हे आईला माहीत हवं, आणि कधी मजुरी बुडाली तरी जायचंच हेही. ते असं:

मूल शांत असताना पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणी-दूध पीत नसेल, मलूल पडलं असेल, लघवी खूप कमी झाली असेल, ओठ निळसर दिसत असतील तर रात्र असली तरी निघायचं. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर वाट बघत बसू नका. बाकी मूल खेळतंय, पितंय, तर सर्दी आठवडाभर आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या गावात आशाताई असतील, त्यांना हे श्वास मोजायचं शिकवलेलं असतं.

भंडारा_पोर

आशाताई आहेत. हे श्वासाचं माहीत नव्हतं. धन्यवाद मॅडम, गावच्या ग्रुपवर टाकतो.

केमिस्टकाका

भंडारा_पोर, तुम्ही दुकानात ‘खोकल्याचं दे’ म्हणता ना, त्यात एक वाक्य वाढवा: कोणासाठी, वय किती, खोकला कोरडा की कफाचा, आणि आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत. आपल्या कायद्यात अमेरिकेसारखा ‘काउंटरवर खुशाल विका’ असा वेगळा वर्गच नाही. शेड्यूल एचमधली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, कोडीनवाली सिरपं तर एच-१ मध्ये, त्यांची नोंदवही ठेवावी लागते. उरलेल्यांचं सगळं दुकानदाराच्या विवेकावर. आणि खरं सांगतो, काउंटरवर बऱ्याचदा फार्मासिस्ट नसतो, मदतनीस पोरगा असतो, त्याचा हात ज्या बाटलीवर जास्त मार्जिन तिकडे जातो. फार्मासिस्ट कुठाय म्हणून विचारा. विचारायचा हक्क आहे तुमचा.

कोरड्या खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ पातळ करायला अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सोडवणारं दोन्ही असेल तर ती बाटली मी स्वतःच्या घरी नेत नाही. दम्यासाठीचं टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल ज्यात असतं ती सिरपं साध्या सर्दीला उगाच घेतात लोक, मग हात थरथरतात, छाती धडधडते आणि वाटतं हार्टचं काही झालं.

वैद्यकन्या

ब्रोमहेक्सिनचं नाव निघालं म्हणून सांगते, ते अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच बनवलंय. आपल्याकडे कुंपणाला लावतो तो अडुळसा! माझी आजी अडुळशाची पिकली पानं वाफवून रस काढायची आणि मधातून द्यायची, रंग काळपट हिरवा, कडू जहर. मी मोठ्यांना अजून देते. ज्येष्ठमधाचा तुकडा चघळला की घसा खवखवणं कमी होतं. सितोपलादि चूर्ण मधातून.

सांजवेळ

मग आयुर्वेदिक सिरप मुलांना चालेल ना? त्याला तर साइड इफेक्ट नसतात.

वैद्यकन्या

नाही हो, असं मी म्हणणार नाही. बाटलीतलं सिरप ते सिरपच, त्यातही तोच गोडवा, तीच टिकवायची द्रव्यं, कारखाना कोणता हा प्रश्न तिथेही उरतोच. लहान मुलांना मी फक्त मध सांगते, तोही एक वर्ष पूर्ण झाल्यावर. वर्षाच्या आत चाटणसुद्धा नको, बोट्युलिझमची (जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडतं) भीती असते. आणि ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालतात ना, तो लहान बाळाजवळ अजिबात नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात. वेखंड उगाळून चाटवणंही नको.

डॉ_अबोली

+१. कापराचं लिहिलंत ते फार बरं केलंत. झोपायच्या आधी अर्धा ते एक चमचा मध, एक वर्षावरच्या मुलाला, याचा रात्रीच्या खोकल्याला थोडा तरी उपयोग होतो असं दिसलंय. नाकात साध्या सलाईनचे थेंब, दर फीडच्या किंवा जेवणाच्या आधी. पाणी, सूप, पेज. बस.

तळकोकणी

आणि वाफ? आमच्याकडे गवती चहा घालून टोपात पाणी उकळायचं आणि डोक्यावरून चादर.

डॉ_अबोली

मोठ्यांनी सांभाळून घ्यावी, बरं वाटतं. लहान मुलांना उकळत्या टोपावर धरू नका. वाफेने सर्दी लवकर जात नाही, पण टोप कलंडून भाजलेली मुलं दर हिवाळ्यात येतात.

निवृत्त_मास्तर

माझं वय सत्तरीच्या पुढे. मला दोन महिने कोरडा खोकला होता. रात्रंदिवस ठसका. तीन प्रकारची सिरपं झाली, काढे झाले, एक्स-रे झाला, काही नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा बीपीची कुठली गोळी घेता? रामिप्रिल. त्यांनी ती बदलून दुसऱ्या गटातली दिली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींना असा खोकला लागतो म्हणे. ज्येष्ठांनी नोंद घ्यावी, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

खडकवासला_वारा

मास्तर, फार उपयोगी. ज्येष्ठांसाठी आणखी: प्रोस्टेट मोठं असेल तर ती गुंगीवाली सर्दीची औषधं लघवी अडकवू शकतात. बीपी असेल तर नाक मोकळं करणारी औषधं विचारून. मधुमेह असेल तर सिरपमधली साखर. आणि मृण्मयी, नवरा गाडी चालवत ऑफिसला जात असेल तर सकाळी क्लोरफेनिरामिनवालं काही देऊ नका. आमचे एक शेजारी एसटीत ड्रायव्हर, ते ड्यूटीच्या आदल्या रात्रीसुद्धा घेत नाहीत.

डॉ_अबोली

आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की सिरप बदलत बसू नका, थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. सिरपच्या बाटल्यांमागे कितीतरी टीबी लपून राहतात.

पर्ण_न्यूजर्सी

मापाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. घरातला चमचा म्हणजे ५ मिली नव्हे, कुठला तीनचा, कुठला सातचा. बाटलीबरोबरचं झाकण किंवा सिरिंज वापरा.

केमिस्टकाका

बरोबर, आणि इथेच सर्वात मोठा घोळ होतो, ताप आला की. पॅरासिटामॉलचं सिरप १२० मिलिग्रॅमचं येतं, २५० चं येतं, दोन्ही ५ मिलीला. खोकं तेच, रंग जवळजवळ तोच, आकडा तेवढा वेगळा. आणि बाळांचे ड्रॉप्स असतात १ मिलीला १०० मिलिग्रॅमचे. म्हणजे ड्रॉप्सचं १ मिली हे जवळजवळ १२० वाल्या सिरपच्या ५ मिलीएवढं. आईला डॉक्टरने ‘५ मिली दे’ सांगितलं १२० वाल्या सिरपसाठी, घरी होते ड्रॉप्स, आणि तिने ते ५ मिली मोजले तर चौपटीहून जास्त जाईल. मी दुकानात प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मार्करने आकडा लिहून द्यायचो.

मात्रा वजनावर असते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. मृण्मयीताईंच्या चौदा किलोच्या मुलाला एका वेळी १४० ते २१०. ते १२० वाल्यात साधारण ६ ते ८ मिली आणि २५० वाल्यात ३ ते ४ मिली. बघा किती फरक. पण त्याला ताप नाहीये, तेव्हा याचीही गरज नाही.

मृण्मयी_विदर्भ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. फ्रिजमधली बाटली काढून फोटो मोठा करून वाचला. क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन, पॅरासिटामॉल, तिन्ही. चार वर्षांखाली देऊ नये हे एका कडेला बारीक छापलंय. सासूबाईंना चष्मा लावून तेच वाचायला दिलं, त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या हे एवढं बारीक कशाला लिहायचं, मोठ्या अक्षरात लिहा ना मेल्यांनो. आता रात्री सासूबाईच त्याला मध चाटवतात, सलाईनचे थेंब मी घालते. खोकला आहे अजून, पण खेळतोय. श्वास मोजले, तीसच्या आत. नवऱ्याला गरम पाणी, गुळण्या आणि एकच गोळी, वर काही नाही.

काका, एक राहिलं, ही अर्धी बाटली बेसिनमध्ये ओतून देऊ का?

केमिस्टकाका

बेसिनमध्ये नको, पाण्यात जातं. चहाचा चोथा किंवा माती एका जाड पिशवीत घ्या, त्यात ओता, कालवा, गाठ मारा आणि कचऱ्यात. बाटलीचं लेबल फाडून मग ती वेगळी टाका, कधीकधी रिकाम्या बाटल्या धुऊन परत बाजारात येतात. आणि फोडलेलं सिरप पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवू नका, एक्सपायरीची तारीख सीलबंद बाटलीची असते.

सांजवेळ

आमच्या फ्रिजच्या दारातून चार निघाल्या. त्यातल्या दोन धाकटी बालवाडीत असतानाच्या. चोथा साठवतेय.